मुलाची अटक एक्स्पंज झालीये (म्हणजे कोर्टाने रेकॉर्डवरून पुसलीये), रटगर्स की बाहेरचं स्टेट?

एडिसनकर_बाबा

नमस्कार मंडळी. इथे तीन-चार वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय आज पहिल्यांदा आणि तेही वेगळा आयडी काढून, कारण आमच्याकडे ओक ट्री रोडला कोथिंबिरीची जुडी घ्यायला गेलं तरी चार ओळखीचे भेटतात. तर मुलगा आता २० चा आहे, काऊंटी कॉलेजात इंजिनिअरिंगचं ए.एस. (दोन वर्षांची पदवी) करतोय, मे मध्ये संपेल, पुढे ट्रान्स्फर घ्यायची. बारावीनंतर थेट चार वर्षांच्या कॉलेजला गेला नाही त्यालाही हेच प्रकरण कारण, ते आधी सांगतो.

१८ पूर्ण होऊन तीन महिने झाले होते. मित्रांबरोबर मॉलमध्ये गेला, तिघं होते, त्यातल्या एकाने दुकानातला हूडी आणि इअरबड्सचं खोकं ह्याच्या बॅकपॅकमध्ये कोंबलं. ह्याला माहीत होतं की नाही हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही, तो म्हणतो नव्हतं. दाराशीच सिक्युरिटीने धरलं, पोलीस आले, बोटांचे ठसे, फोटो, सगळं झालं. रात्री अकराला मी आणायला गेलो तेव्हा बुटाच्या लेस आणि कमरेचा पट्टा एका पारदर्शक पिशवीत घालून दिले. गाडीत बसल्यावर त्याने लेस ओवायला घेतली आणि घर येईपर्यंत एकाच बुटाची ओवत होता, एक शब्द बोलला नाही, मीही बोललो नाही.

म्युनिसिपल कोर्टात दोन तारखा झाल्या, दुकानाचा व्हिडिओ आला, त्यात दुसरा पोरगा कोंबताना दिसला, केस डिसमिस. नंतर वकिलाने एक्स्पंजमेंटचा अर्ज केला, ऑर्डर निघाली, वकील म्हणाला आता कायद्याच्या दृष्टीने ही अटक झालीच नाही, विसरून जा. आम्ही इतकं विसरायचं ठरवलं की सांगलीला आई-बाबांनाही कधी कळवलं नाही.

आता अर्ज भरायची वेळ आली आणि सगळं परत वर आलंय. रटगर्स, आमच्या न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ, घरापासून वीस मिनिटं. मुलाला जायचंय इंडियानातल्या पर्ड्यूला, मेकॅनिकल, नाहीतर पेन स्टेट. हिचं म्हणणं की जर्सीच्या कोर्टाचा कागद इंडियानात कोण मानणार, तिकडे फॉर्मवर विचारलं तर काय लिहायचं, त्यापेक्षा इथेच राहू दे. मला नेमकं उलटं वाटतं, जे काही आहे ते इथल्या काऊंटीत आहे मग उकरलं जाईल तर इथेच जाईल, लांब गेलेला बरा. रोज रात्री भांडी आवरताना हाच विषय. तर फॉर्मवर काय लिहायचं, आणि ह्या एका गोष्टीवरून स्टेट ठरवावं का, एवढंच विचारायचंय. संस्कार ह्या विषयावर कृपया कोणी लिहू नये, तो तास घरी घेऊन झालाय.

फुकट_सल्ला

काका एवढं कशाला डोक्याला लावून घेताय. एक्स्पंज म्हणजे पुसलं. जिथे जिथे विचारतील तिथे नो टिक करायचं आणि मोकळं व्हायचं. पर्ड्यू मिळत असेल तर आंख मूंदके घ्या, मेकॅनिकलला भारी आहे.

अर्धा_वकील

वरच्या भाऊंचं उत्तर कॉलेजच्या फॉर्मपुरतं बरंचसं बरोबर आहे, बाकी ठिकाणी अंगाशी येईल. मी वकील नाही, इमिग्रेशनच्या वकिलाकडे अकरा वर्षं पॅरालीगल (वकिलाचा मदतनीस) आहे, आयडी त्यावरूनच. एडिसनकर, तुम्ही बुटाच्या लेसपर्यंत सगळं सांगितलंत पण मुलाचा स्टेटस नाही सांगितला. सिटिझन आहे, ग्रीन कार्ड आहे की अजून एच-४ वर (तुमच्या वर्क व्हिसावर अवलंबून) आहे? आणि कोर्टात कशालाही "गिल्टी" म्हणाला होता का, अगदी चार्ज कमी करून दिला असेल त्यालासुद्धा? कंडिशनल डिसमिसल हा शब्द कुठे कागदावर आहे का? आधी हे सांगा.

एडिसनकर_बाबा

ग्रीन कार्ड. आमचा नंबर लागायला दहा वर्षं गेली, कार्ड हातात पडलं तेव्हा तो १७ चा होता. गिल्टी वगैरे काही म्हणाला नाही, वकिलानेच उभं राहून काय ते बोललं. कागदावर "डिसमिस्ड" एवढंच वाचल्याचं आठवतंय, कंडिशनल नव्हतं. पण ह्याचा कॉलेजशी काय संबंध?

अर्धा_वकील

कॉलेजशी कमी, मुलाशी जास्त. सावकाश लिहितो कारण ह्यात लोक नेहमी गोंधळतात.

आधी कॉलेज. न्यू जर्सीच्या कायद्यात स्वच्छ लिहिलंय की रेकॉर्ड एक्स्पंज झालं की ती अटक आणि पुढची सगळी कारवाई घडलीच नाही असं धरायचं आणि कोणी विचारलं तर त्याप्रमाणे उत्तर द्यायला परवानगी आहे. अपवाद आहेत, उदाहरणार्थ पोलीस खातं, कोर्ट, तुरुंग खातं इथे नोकरी मागितली तर सांगावं लागतं. कॉलेज त्यात नाही. शिवाय कॉमन ॲपने (अनेक कॉलेजांना एकच अर्ज चालतो तो) २०१९ च्या सीझनपासून गुन्ह्याबद्दलचा प्रश्न आपल्या मुख्य भागातून काढूनच टाकलाय. पण कॉलेजांना स्वतःच्या पुरवणी पानावर तो विचारायची मुभा ठेवली, त्यामुळे "कॉमन ॲपवर नाही म्हणजे कुठेच नाही" असं समजू नका. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया अर्जात विचारत नाही, न्यूयॉर्कच्या सनीने (तिथलं सरकारी विद्यापीठ) २०१६ ला तो प्रश्न काढायचं ठरवलं, लुइझियानाने २०१७ ला कायदाच केला, असा तो हळूहळू कमी होत चाललाय पण सगळीकडून गेलेला नाही.

आता जिथे प्रश्न असेल तिथे प्रश्नाचं वाक्य वाचायचं, आणि पूर्ण वाचायचं, खाली बारीक टायपात जे असतं ते आधी. "कन्व्हिक्टेड" आहे का असं विचारलं तर तुमचा मुलगा एक्स्पंजमेंट नसती तरी "नाही"च म्हणाला असता, कारण तो कधी दोषी ठरलाच नाही! हे तुम्ही दोघं नवरा-बायको विसरताय असं वाटतं. "अरेस्टेड" किंवा "चार्ज्ड" विचारलं आणि खाली "एक्स्पंज झालेले सोडून" असं असेल तर नाही. काहीच लिहिलेलं नसेल तर जर्सीचा कायदा तुमच्या बाजूने आहे, पण बाहेरच्या स्टेटच्या कॉलेजसाठी वकिलाला एक ईमेल टाकून लेखी उत्तर घ्या, दोन ओळींचं काम आहे. आणि "एक्स्पंज झालेले धरून" असं स्पष्ट विचारलं तर तिथे आपण होऊन हुशारी करायची नाही, वकिलाला विचारल्याशिवाय काही टिक करायचं नाही. अशी भाषा साध्या बी.एस.च्या फॉर्मवर क्वचित, लॉ स्कूलच्या फॉर्मवर पुष्कळ वेळा असते. पोराच्या डोक्यात पुढे कधी वकिली आली तर बारच्या कॅरेक्टर-फिटनेसला (वकिलीच्या परवान्याआधीच्या चारित्र्य तपासणीला) हे प्रकरण परत टेबलावर येऊ शकतं एवढं लक्षात असू द्या.

आता खरा मुद्दा. फेडरल इमिग्रेशन एक्स्पंजमेंट मानत नाही. ग्रीन कार्डला पाच वर्षं झाली की तो सिटिझनशिपचा एन-४०० भरेल, त्यात प्रश्न आहे तुला कधीही, कुठल्याही कारणाने अटक झाली होती का, आणि सील झालं, एक्स्पंज झालं, कोणी तुला रेकॉर्ड राहिलं नाही असं सांगितलं तरी सांग असं सूचनांमध्ये आहे. तिथे उत्तर "हो". ठसे घेतले होते ना, मग बायोमेट्रिक्सला ते वर येऊ शकतात. डिसमिस झालेली, कबुली न दिलेली शॉपलिफ्टिंगची केस एकट्याने सिटिझनशिप अडवत नाही, आमच्याकडे अशा फायली येतात आणि पार होतात. अडकतात ते "नाही" लिहिणारे, कारण मग विषय हूडीचा राहत नाही, खोटं बोलल्याचा होतो.

मी कंडिशनल डिसमिसलचं का विचारलं ते दुसऱ्या आईबाबांसाठी लिहून ठेवतो. जर्सीत छोट्या केसला तो मार्ग देतात, त्यात आधी गिल्टी म्हणायचं किंवा कोर्ट दोषी धरतं, मग वर्षभर नीट राहिलं की केस डिसमिस. स्टेटच्या लेखी कन्व्हिक्शन नाही. पण इमिग्रेशनच्या व्याख्येत कबुली अधिक कोर्टाने घातलेलं काहीतरी बंधन म्हणजे कन्व्हिक्शन, पुढे डिसमिस होवो नाहीतर एक्स्पंज होवो. एच-४ आणि ग्रीन कार्डवाल्या मुलांना क्रिमिनलचे वकील कधीकधी हे न सांगता "बेस्ट डील" म्हणून देतात आणि आम्ही मग कपाळाला हात लावतो.

शेवटचं, आजच करा. डिसमिसलचा कोर्टाच्या शिक्क्याचा कागद, सर्टिफाइड डिस्पोझिशन, शोधा. एक्स्पंज झाल्यावर कोर्टाच्या खिडकीवर गेलात तर ते म्हणतात असं काही रेकॉर्डच नाही, आणि इमिग्रेशनवाले म्हणतात तो कागद आणा. ह्या दोन खिडक्यांमध्ये लोक वर्ष-वर्ष फिरलेले मी बघितलेत. तुमच्याकडे नसेल तर वकिलाच्या फाईलमध्ये असेल, त्याने फाईल फाडायच्या आत मागून घ्या. एक्स्पंजमेंटच्या ऑर्डरच्याही दोन-तीन कॉपी.

डॅलसची_मावशी

अहो अर्ध्या वकिलांनी सगळं सांगितलंच आहे त्यामुळे मी फक्त एवढंच विचारते, की ह्या सगळ्यात मुलाला काय वाटतं ते विचारलंत का कोणी? तुम्ही म्हणता हिचं म्हणणं असं, माझं म्हणणं असं, आणि त्याचं फक्त "पर्ड्यूला जायचंय". का जायचंय? तिथली लॅब आवडली म्हणून की घरातल्या रोजच्या त्या नजरेतून सुटायचं म्हणून? माझ्या पुतण्याचं वेगळं काहीतरी झालं होतं, खोलात जात नाही, त्याला आम्ही "लांब जाऊ दे, नवीन सुरुवात होईल" म्हणून पाठवला आणि तो पहिल्या सेमिस्टरला ऑक्टोबरमध्येच परत आला, कारण जायचं कारण त्याचं नव्हतंच, आमचं होतं. २० चा घोडा आहे, फॉर्म त्यालाच भरू दे, तुम्ही शेजारी बसा.

बॉयलर_भाऊ

पर्ड्यूचं नाव दिसलं म्हणून आलो, मी तिथलाच, मेकॅनिकल, आता डेट्रॉइटच्या बाजूला नोकरी. दोन्ही गोष्टींवर बोलू शकतो कारण माझंही एक प्रकरण आहे. वेस्ट लाफायेतला सोफोमोर असताना २१ च्या आत बिअर हातात सापडलो, थँक्सगिव्हिंगच्या आधीचा आठवडा, बर्फ पडत होता आणि मी टी-शर्टवर फूटपाथवर बसून पोलिसाला अपार्टमेंटचा पत्ता सांगतोय, आठवलं की अजून कानशिलं तापतात. पुढे ते इंडियानाच्या कायद्याने एक्स्पंज करून घेतलं. तिथे २०१३ पासून कायदा आहे आणि तो चांगला कडक आहे, एक्स्पंज झालेल्या रेकॉर्डवरून नोकरी नाकारणं, ॲडमिशन नाकारणं हा भेदभाव धरतात, आणि नोकरीच्या अर्जावर प्रश्नच असा विचारायचा असतो की "कोर्टाने एक्स्पंज न केलेली" अटक आहे का. पण हे मी माझ्या इंडियानाच्या ऑर्डरपुरतं सांगतोय, जर्सीच्या ऑर्डरला जसंच्या तसं लागू आहे असं धरून चालू नका, वर सांगितलंय तसं वकिलाला विचारा.

मला त्रास कॉलेजने दिला नाही, बॅकग्राउंड चेकने दिला. सीनियर इयरला इंटर्नशिपची ऑफर आली, कंपनीने बाहेरच्या एका एजन्सीकडून चेक करवला आणि रिपोर्टमध्ये माझी पुसलेली केस छापून आली. एजन्सीने कोर्टाचा डेटा कधीतरी आधी घाऊक उचलून ठेवलेला असतो, कोर्टाने नंतर पुसलं तरी त्यांच्या कपाटात जुनी प्रत पडून असते. मी डिस्प्यूट टाकला, ऑर्डरची कॉपी लावली. फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टप्रमाणे त्यांना साधारण ३० दिवसांत तपासून दुरुस्त करावं लागतं, केलंही, पण तोवर कंपनीने दुसरा मुलगा घेतला होता. त्यामुळे काका, माझं ऐकाल तर मुलाचा रिपोर्ट आधीच स्वतः मागवून बघा, ऑफर आल्यावर नाही. आणि हे रटगर्सला असला तरी होईल, पर्ड्यूला असला तरी होईल, त्या एजन्सीला स्टेटची हद्द नसते. तुम्ही जे म्हणताय ना की "इथलं इथेच उकरलं जाईल", तसं ते काऊंटीच्या कपाटात बसून राहिलेलं नसतं.

आणखी एक, मेकॅनिकलवाल्यांना डिफेन्स कंपन्या खूप उचलतात. ग्रीन कार्डवर सिक्युरिटी क्लिअरन्स मिळत नाही म्हणा, पण सिटिझन झाल्यावर त्याचा फॉर्म, एसएफ-८६, भरायची वेळ आली तर त्यातही एक्स्पंज झालेलं सांगा असंच असतं. मी भरला, सांगितलं, त्या बाईंनी दोन प्रश्न विचारले, एक माझ्या बिअरच्या ब्रँडबद्दल होता बहुतेक गंमत म्हणून, आणि पुढे गेल्या.

पर्ड्यू म्हणून विचाराल तर कॉलेज मस्त आहे, गाव छोटं, पाचव्या दिवशी भाकरीची आठवण येते, इंडियानापोलिस तासाभरावर.

काऊंटीकॉलेजवाली

मी जर्सीतल्याच एका काऊंटी कॉलेजमध्ये गणित शिकवते (पार्ट टाइम, पगार विचारू नका) त्यामुळे ट्रान्स्फरची मुलं रोज बघते. ह्या चर्चेत सगळे अटकेवर बोलतायत आणि क्रेडिटवर कोणीच नाही म्हणून लिहिते.

२००७ चा लॅम्पिट लॉ म्हणून आहे. जर्सीच्या काऊंटी कॉलेजमधून ए.ए. किंवा ए.एस. पूर्ण करून जर्सीच्याच सरकारी चार वर्षांच्या कॉलेजला गेलं, म्हणजे रटगर्स, एनजेआयटी, रोवन वगैरे, तर ते क्रेडिट घ्यावेच लागतात, पदवीच्या निम्म्यापर्यंत. "पूर्ण करून" हे महत्त्वाचं, एक कोर्स राहिला आणि गेला तर ती हमी नाही. बाहेरच्या स्टेटला असं बंधन नाही, तिथला डिपार्टमेंट एकेक सिलॅबस बघतो. माझा एक विद्यार्थी गेल्या वर्षी बाहेर गेला, त्यांनी त्याचं स्टॅटिक्सचं क्रेडिट मानलं, डायनॅमिक्सचं मानलं नाही, आणि डायनॅमिक्सवर पुढचे चार कोर्स उभे, त्यामुळे दोन वर्षांचं अडीच-तीन झालं. इंजिनिअरिंगमध्ये ही साखळी फार वाईट. पर्ड्यूची ट्रान्स्फर क्रेडिटची यादी ऑनलाइन आहे, तुमच्या मुलाच्या कॉलेजचा एकेक कोर्स घालून बघा आजच, जो यादीत नसेल त्याचा सिलॅबस पीडीएफ करून ठेवा.

आता पैसे. पर्ड्यूने २०१३ पासून ट्यूशन गोठवल्याचं कौतुक सगळे करतात आणि ते खरंही आहे, पण तो ९,९९२ डॉलरचा आकडा इंडियानाच्या मुलांचा. बाहेरच्यांना २८ हजारांच्या वर, त्यात इंजिनिअरिंगची जादा फी, राहणं-खाणं, थँक्सगिव्हिंग-ख्रिसमसची तिकिटं. रटगर्सला ट्यूशन-फी मिळून २० हजारांच्या आसपास आणि तुमचा मुलगा घरी जेवणार. आणि "एक वर्ष राहिला की इन-स्टेट होईल" असं कोणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढा, मूल आई-वडलांवर अवलंबून असेल तर त्याचं रेसिडेन्स आई-वडलांचं धरतात, शिकायला गेलेल्याला ते सहसा बदलून देत नाहीत.

फाफ्सा (सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म) भरा, ग्रीन कार्डवाल्याला चालतो. कोणीतरी घाबरवेल की अटक झालेल्याला मदत मिळत नाही, तो जुना प्रश्न ड्रग्जच्या कन्व्हिक्शनबद्दल होता, चोरीबद्दल कधीच नव्हता, आणि आता तोही फॉर्मवर नाही. थर्ड इयरला मुलाच्या नावावर फेडरल लोन वर्षाला फार तर साडेसात हजार. उरलेलं तुमच्या खिशातून नाहीतर पेरेंट प्लसमधून (आई-वडलांच्या नावावरचं फेडरल लोन), आणि त्यालाही जुलै २०२६ पासून वर्षाला २० हजार, एका मुलामागे एकूण ६५ हजार अशी मर्यादा घातलीये. मी स्पष्ट बोलते, मला तर इथे स्टेट ठरवायला अटकेपर्यंत जायची गरजच दिसत नाही, डायनॅमिक्सच्या क्रेडिटवर आणि ह्या आकड्यांवर ठरतंय.

फुकट_सल्ला

ओके एन-४०० चं मला माहीत नव्हतं. माझं "सगळीकडे नो" मागे घेतो. पर्ड्यूचं पण बहुतेक.

मेरीलँडची_आई

उशिरा लिहितेय. आमच्या मुलीचं असंच होतं, खोलात नाही जात, केस सोडून दिली, नंतर एक्स्पंज. मेरीलँडमध्ये कायदा आहे की कॉलेजांनी पहिल्या अर्जावर गुन्ह्याचा इतिहास विचारायचा नाही, गव्हर्नरने व्हेटो केला होता पण विधानसभेने २०१८ च्या सुरुवातीला तो ओलांडून कायदा आणला. त्यामुळे इथले फॉर्म सोपे गेले. बाहेरच्या एका कॉलेजचा फॉर्म मात्र "एव्हर बीन चार्ज्ड" असा होता आणि खाली काहीच खुलासा नाही. मी काय केलं, दुपारी ऑफिसच्या पार्किंगमधून त्यांच्या ॲडमिशन ऑफिसला फोन लावला, नाव सांगितलं नाही, म्हटलं एक जनरल प्रश्न आहे, तुमच्या ह्या प्रश्नात एक्स्पंज झालेलं धरायचं का. तिकडची मुलगी एक मिनिट होल्डवर ठेवून परत आली आणि म्हणाली नाही, धरायचं नाही. मी म्हटलं हे मला कुठे लिहिलेलं मिळेल? मग तिने त्यांच्या वेबसाइटवरच्या प्रश्नोत्तरांच्या पानाची लिंक सांगितली, त्याचा तारखेसकट स्क्रीनशॉट अजून माझ्या ड्राइव्हवर आहे. फोनवरचं उत्तर हवेत जातं, स्क्रीनशॉट राहतो.

दुसरं, अर्जावर नाही विचारलं म्हणून संपलं नाही. सनीसारख्या ठिकाणी अर्जातून प्रश्न काढला पण ॲडमिशन झाल्यावर डॉर्म मागितली, काही इंटर्नशिप किंवा क्लिनिकल लागलं, परदेशी सेमिस्टर घेतलं तर तेव्हा विचारायची सोय ठेवलीये (आणि तिथेही कन्व्हिक्शनबद्दलच). आम्हाला हे माहीत नव्हतं, हाउसिंगचा फॉर्म जूनमध्ये आला आणि माझ्या पोटात गोळा. वाक्य वाचलं तर "फेलनी कन्व्हिक्शन" (गंभीर गुन्ह्यात दोषी) होतं, म्हणजे काहीच नाही, पण ती रात्र गेलीच ना. तुमच्या मुलाला घरून जायचं असेल तर तो फॉर्मच येणार नाही हा एक इन-स्टेटचा फायदा धरा, छोटासा.

आणि ट्रान्स्फरला आधीच्या कॉलेजकडून एक रिपोर्ट मागवतात कधीकधी, त्यात शिस्तभंगाचं विचारतात, तो वेगळा विषय, मॉलमध्ये जे झालं ते काऊंटी कॉलेजच्या शिस्तीत येत नाही. ते आणि हे एक करू नका, आम्ही केलं होतं आणि उगाच एक कबुलीजबाब लिहून बसलो होतो. पाठवला नाही देवाच्या कृपेने.

एडिसनकर_बाबा

मंडळी, उत्तर द्यायला दहा दिवस लागले, सगळ्यांचे आभार, नावं घेत नाही कोणाचं राहील.

डॅलसच्या मावशी, तुमचं वाचून मी त्याला विचारलं का जायचंय म्हणून. जिमच्या बाहेर गाडीत बसलो होतो. म्हणाला लॅब वगैरे आहेच, पण बाबा, तुम्ही अजून माझी बॅग उचलून बघता. मला कळलंच नाही पहिल्यांदा. मग लक्षात आलं की तो आला की मी बॅग दारातून उचलून खोलीत ठेवतो, दोन वर्षं झाली, मला वाटायचं मदत करतो. वजन बघतो म्हणे मी. असेलही. ह्यावर मी त्याला काही बोलू शकलो नाही आणि इथेही काही लिहीत नाही.

रविवारी डायनिंग टेबलवर लॅपटॉप घेऊन बसलो, फॉर्म त्याने भरले, आम्ही दोघं शेजारी. एका फॉर्मवर असला प्रश्नच सापडला नाही, दोनदा शोधला. दुसऱ्यावर होता, "कन्व्हिक्टेड" होता, त्याने मोठ्याने वाचला, खालचं बारीक पण वाचलं, आणि नो टिक करून पुढच्या पानावर गेला. सगळं मिळून एक मिनिट. ही माझ्याकडे बघत राहिली, एवढ्यासाठी आपण दीड महिना भांडी आपटली.

क्रेडिटचं काऊंटीकॉलेजवाल्या ताई म्हणाल्या तसं एकेक घालून बघितलं, दोन कोर्स यादीत नाहीत, त्यातलं एक नेमकं डायनॅमिक्स. सिलॅबस पाठवलाय, उत्तर यायचंय. तिकडून होकार आणि थोडीफार स्कॉलरशिप आली तर पर्ड्यू, नाहीतर रटगर्स, पण रटगर्स झालं तरी डॉर्म घ्यायची, घरून जायचं नाही, हे त्याने सांगितलं आणि आम्ही मान्य केलं. मेरीलँडच्या ताईंचा छोटासा फायदा गेला त्यामुळे.

आता कागद. वकिलाच्या ऑफिसला फोन केला तर ते दुसरीकडे हललेत, शोधतो म्हणाले. मी हातपाय गाळून बसलो तर ही उठली, देवघराच्या खालचा ड्रॉवर उघडला, त्यात पासपोर्ट, त्याच्या खाली जुनं पंचांग आणि त्याच्या खाली कोर्टाचा ब्राऊन लिफाफा. डिसमिसलच्या दिवशीच खिडकीवर पैसे भरून दोन कॉपी घेतल्या होत्या म्हणे, मी पार्किंगमधून गाडी आणायला गेलो होतो तेव्हा. विसरायचं विसरायचं म्हणणारी पण हीच होती!

अर्धा_वकील, एक शंका. दोन्ही कागदांवर शिक्का शाईचा नाहीये, दाबून उठवलेला आहे, स्कॅन केला तर दिसतच नाही, कोरा कागद दिसतो. त्यावर हलकी पेन्सिल फिरवली की उठाव दिसतो असं एकजण म्हणाला, तसं करू का?

अर्धा_वकील

नको नको नको. पेन्सिल खाली ठेवा. मूळ कागदावर काहीही फिरवायचं नाही, लॅमिनेट करायचा नाही, पंच करून फाईलला लावायचा नाही. स्कॅनमध्ये नाही दिसला तरी चालतो, मुलाखतीला मूळ कागद घेऊन जायचा, ऑफिसर अंगठा फिरवून बघतो. दोन आहेत ना? एक जिथे होता तिथेच परत ठेवा, पंचांगाखाली. आणि भारतात जाऊन येताना नेवार्कला दाखवायला दुसऱ्याची कॉपी मुलाच्या हँडबॅगेत, चेक-इनमध्ये नको.